बिस्किटांचा डबा

मांसाच्या कारखान्याचा भोंगा शनिवारी एकला वाजे
आणि दीडच्या सुमाराला दारात सायकल,
पोऱ्याच्या हातात चिठोरं :
एलादियोला उद्या सहा.
गेल्या रविवारी चार होता. त्याआधी अकरा.

बार्रांका क्लबचे सदरे मी शिवायचे,
चिखल काढायचे, बटणं लावायचे.
बाकी दहा जणांचे आकडे एकदा टाचले
की मोसमभर हलत नसत,
चर्चमधल्या बाकांसारखे.
ह्याचा दर आठवड्याला उसवा,
दर आठवड्याला नवा घाला.
शेवटी एक रिकामा बिस्किटांचा डबा
त्याच्याच नावाचा करून टाकला.

डावा बचाव तापानं पडला, हा डावा.
मधल्या फळीत कुणाचं लग्न निघालं, हा मधला.
पुराच्या साली गोलरक्षकाचं मनगट मोडलं
तेव्हा त्याचा ढगळ हिरवा स्वेटर घालून उभा राहिला
आणि पेनल्टी अडवली.
नाकानं.
नाक मग जन्मभर नदीकडे बघत राहिलं.

लोक म्हणत, जोकर आहे आपला, पत्त्यांतला,
कुठल्याही पानाच्या जागी चालतो.
प्रेमानंच म्हणत.
पण जोकराला हातात घेऊन
कुणी डोळे भरून बघत नाही,
लावतात आणि पुढचं पान उचलतात.

मंगळवारी त्याला माती दिली.
तेव्हापासून बासिलियोच्या गुत्त्यात भांडण चाललंय.
तेओफिलो म्हणतो, उजवा बचाव, दुसरं काही बोलूच नका.
न्हावी कासियानो वस्तरा हवेत धरून सांगतो,
अरे तो जातीचा विंगर,
कडेकडेनं चेंडू असा आणायचा
जसं धाकट्या बहिणीला रस्ता ओलांडून देतोय.
तिसऱ्याला तर फक्त
रेषेवरून डोक्यानं काढलेला एक चेंडू आठवतो,
आणि त्यानंतर खांबाला धरून त्यानं केलेली उलटी.
प्रत्येकाचा एलादियो वेगळा,
आणि खांदा द्यायला मात्र
सगळे एकाच पेटीखाली होते.

काल क्लबचे अध्यक्ष आले.
टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
दोन्या नेल्दा, त्याचा आकडा कायमचा बंद करायचाय,
यापुढे कुणी घालायचा नाही.
पण कुठला?
शिवत तुम्ही होता, तुम्हीच सांगा.
मी म्हटलं, सगळेच बंद केलेत
तर रविवारी उघडे खेळाल का?
ते हसले. मीही.

त्यांना सांगितलं नाही ते हे.

कारखाना बंद पडला त्या वर्षीचा एक गुरुवार.
ना पोऱ्या, ना चिठ्ठी. तो स्वतःच आला,
सदरा काखेत, घडी न घालता.
म्हणाला, दहा शिव.
दहा म्हणजे व्यवस्थापकाचा भाचा,
पायात रेशीम, आणि पाऊस आला की पोटदुखी.
उद्या-परवा दहा खेळणार आहेस?
नाही, म्हणाला. रविवारी तीन.

मी काही विचारलं नाही. शिवला.
घालून कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभा राहिला,
मान वळव वळव वळवली.
स्वतःची पाठ कुणाला दिसलीय?
मग मी हातआरसा त्याच्यापुढे धरला,
एका आरशातला आकडा दुसऱ्यात सरळ झाला.
बघत राहिला.
चुलीवर पाणी उकळायला आलं होतं,
ते उकळून कमी व्हायला लागलं
तरी मी हात खाली घेतला नाही.

भोपळ्यातला कडू येर्बा दोन वेळा प्यायला.
सदरा काढला.
म्हणाला, आता तीन.

अध्यक्षांना तो सदरा दिला मी,
काचेच्या कपाटात लावा म्हटलं, बिनआकड्याचा.
त्यांनी खिडकीपुढे धरला,
पाठभर सुईची भोकं, त्यांतून उन्हाचे कण.
म्हणाले, अरेरे, कसर लागलीय.
लागली असेल, म्हटलं.

डबा दिला नाही.
त्यात तळाशी एक आणि शून्य
एकाच टाचणीत आहेत,
टाचणी गंजलीय,
काढायला गेलं तर कापड फाटेल.