माणगावे यांना, फोननंतर

माणगावे, इचलकरंजीहून तुम्ही विचारलंत,
सध्या काय लागतंय?
मी नुसतं "बरं आहे" म्हणालो,
कारण टाकीत डिझेल ओतत होतो
आणि फोन खांद्यात चिमटला होता.
आता बसून सांगतो.

पाणी तापलंय.
सर्जेकोटच्या धक्क्यावरून उडी मारली
तर वरचं हातभर पाणी न्हाणीतलं वाटतं,
पाय त्याखाली गेले की कळतं, समुद्र अजून आहे.
मासा तिथे, त्या थंडाव्यात.
चौदा वाव, कधी सोळा.
मार्गशीर्षात बांगडा दारात येऊन बसतो,
आता त्याचा पत्ता विचारत फिरावं लागतं.

पहाटे मतलई असते.
डोंगराकडून येणारा वारा,
त्यात काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
कुणाच्या तरी चुलीचा धूर.
होडी उतारावरून घरंगळावी तशी बाहेर पडते.
नवाच्या सुमारास तो थांबतो.
मग अर्धा तास काही म्हणजे काही नाही,
पाणी तेल सांडल्यासारखं,
घाम भुवया ओलांडून डोळ्यांत.
गळ टाकायचा तर या अर्ध्या तासात.
अकरानंतर वायव्येचा येतो
आणि त्याला तुमच्या बारा फुटी जपानी काठीचं
काडीचं कौतुक नसतं.

तिथी बघून निघा.
तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं,
भरतीचा तास निघतो.
दादांनी मला हे पाढ्यांच्या आधी शिकवलं,
गुरुजींनी त्याला कधी मार्क दिले नाहीत.
पुनवेला येऊ नका,
उधाणाचं पाणी पावशेर शिसं उचलून नेतं.
अष्टमी-नवमीला भांग.
गडनदीच्या मुखाशी, तळाशीलच्या अंगाला,
ओहोटी परतताना तांबोशी चावते.
चावलीच तर.

केंडाचं आधी सांगायला हवं होतं.
बोटाएवढे दात, पोटात नुसती हवा.
परवा बस्त्यांवची न्हय ओढली
तर जाळं कमी, भोकं जास्त.
तो वाळूत बसून दुपारभर शिवत होता,
एकही शिवी न देता.
त्याचीच मला भीती वाटली.
काल झार भरली.
काचेसारखी, थलथलीत, किलोवर न घेणारी.
हात दोन दिवस चुरचुरतात,
जेवताना आमटीलाही लागतात.

आणि रात्री.
रात्री तुम्ही धक्क्यावर उभे राहिलात
तर पश्चिमेला एक गाव दिसेल, लखलखीत,
जिथे गाव नाही.
ते दिवे पाण्यात सोडलेले असतात.
मासा त्यांच्याकडे जत्रेला जावं तसा जातो.
याच्यावर मी जास्त बोलत नाही,
तक्रारअर्जाची पोच खिशात असते,
दोनदा शर्टाबरोबर धुतली गेली.

एकतीस तारखेनंतर येऊन उपयोग नाही.
बंदी लागेल, होड्या वर ओढू,
झावळ्यांनी झाकू.
खरं तर दक्षिणेकडून लाट आत्ताच बदललीय.
लांब, वर काही न दाखवणारी,
नांगराच्या दोरीला तेवढी कळते.

दादा ऐंशीचे झाले, बाहेर जात नाहीत.
सकाळी गुडघाभर पाण्यात उभे राहतात,
लुंगी धरून, दहा मिनिटं,
डॉक्टरांनी सांगितल्यासारखे.
मग वर येऊन म्हणतात, "आज शेंगटी."
संध्याकाळी टोपलीत शेंगटी असते.
कसं, ते विचारलं की पाय पुसतात.

तुमचा फोन आला तेव्हा ते बाजूलाच होते.
"कोण रे तो?"
इचलकरंजीचे. मासे विचारतायत.
"येवंदे," म्हणाले,
"पण टोपी घालून येवंक सांग.
आणि गावला नाय तर रागावतलो काय, ता इचार."

तेवढं विचारायचं राहिलं.