तीन दशांश सेकंद

विट्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाच्या फिजिक्सला
आम्ही तिघं. हजेरी घ्यायची गरज नव्हती,
तरी तांबोळी सर घ्यायचे,
आणि कुणाला गैरहजर लावायच्या आधी
खिडकीतून एकदा एस.टी. स्टँडच्या रस्त्याकडं बघायचे.

लॅबला लागूनच यंत्रमागाचं शेड.
खटक खटक, दिवसभर.
गॅल्व्हानोमीटरचा ठिपका पट्टीवर ठरायचाच नाही,
पाणनिवळीसारखा सरसरत राहायचा.
वीज गेली की माग थांबायचे, जमीन गप्प व्हायची,
आणि ठिपकाही जायचा.
म्हणून नाजूक कामं सोमवारी, मागांच्या सुट्टीला.
अंधारात लंबक.

शिशाचा गोळा, मीटरभर दोरा,
आणि एकच स्टॉपवॉच. बटण दाबलं
की ते क्षणभर विचार करायचं, मग निघायचं.
पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर आत्माराममामांच्या अक्षरात
+ ०.३
कुणी मोजलं, कधी मोजलं,
मामांनाही आठवत नव्हतं.
मिळवायचे एवढं ठाऊक.

दिग्विजय गणित उलटं करायचा.
आधी ९.८, मग त्याला शोभतील असे आकडे.
सरांनी जर्नल खिडकीच्या उजेडाला धरलं, नोट तपासावी तसं.
'एवढं बरोबर कसं आलं रे?'
आणि पानभर तिरकी रेघ.

सोडियमचा दिवा तापायला दहा मिनिटं,
आधी गुलाबी, मग पिवळा, मग सगळ्यांचे चेहरे
काविळीच्या वॉर्डातले.
ग्रेटिंगचा कोपरा उडालेला. पुस्तकात दोन रेघा,
आम्हाला एकच.
'आहेत दोन. आपल्याला दिसली एक. तसंच लिही.'
एका सोमवारी सुनेत्रा ओरडली, दोन आहेत!
मी डोळा लावेपर्यंत टेबल हललं.
मी लिहिलं : सुनेत्राला दिसल्या.
सरांनी त्याखाली सही केली.

बाबा वरंगलला गलाई करतात.
फोनवर मी ऐट मारली, सोनं एक हजार चौसष्ट डिग्रीला वितळतं.
ते म्हणाले, असेल.
डिग्री कोण बघतं, रंग बघायचा.
आणि रंगाच्या आधी मूस एक बारीक आवाज करते,
तो ऐकायचा.
हे सिलॅबसमध्ये नव्हतं. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

परीक्षेचा अभ्यास मामांच्या भरवशावर.
साडेसहाला ते किल्ली घेऊन दारात बसायचे,
तंबाखू मळत विचारायचे,
'झालं का ब्रह्मांड? का अजून हाय?'
थोडं हाय, म्हटलं की पुन्हा बसायचे.

एम.एस्सी.च्या यादीत माझं नाव अठ्ठावीसावं.
सुनेत्राचं वरच्या पानावर होतं.
ती कडेगावला बारावीचे क्लास घेते.
का, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

पुण्याची लॅब गार. जमीन इतकी स्थिर
की पहिले काही दिवस मला तोल सावरावासा वाटायचा.
टायमर आपला आपण सुरू होतो,
प्रकाशाचा झोत तुटला की.
वीस आंदोलनं. मी वेळ लिहिला, पुढचं गणित केलं.
आलं ९.६५.

शिकवणाऱ्या मुलानं ओळ न् ओळ तपासली,
पेन्सिल एका जागी थांबली.
'हे तीन दशांश मध्येच कुठून आले?'

विट्याहून, मी म्हटलं.