पोचा

वेर्ण्याच्या पठारावर, दुसऱ्या शेडमागच्या खोलीत
एसी चोवीसवर बांधलेला असतो.
हवा तापली तर डबा फुगतो
केसाच्या जाडीच्या एका हिश्श्याइतका,
आणि पडद्यावरची दरी डावीकडे सरकते.

आम्ही पोरं स्क्रूवाली.
आत घातला की खाली, बाहेर काढला की वर.
नट आवळताना जे सरकणार
ते आधीच हिशोबात धरून अलीकडे थांबायचं.
चुकलं तर उलट फिरवायचं.
आमचं सगळं उलट फिरतं.

मुरगावच्या बंदरावरून तो जुना फिल्टर आला.
पाच पितळी डबे एका रांगेत, आतून चांदी,
स्क्रू एकही नाही.
कायतानने सगळीकडून बघितला, म्हणाला,
ह्याचा कान कुठून पिळायचा?

वैजयंताबाईंनी तो आपल्या टेबलावर ओढला.
डिचोलीच्या कांसार. बाप घागरी ठोकायचा.
पिशवीतून, जेवणाच्या डब्याखालून,
त्यांनी हातोडी काढली, चिंचोक्याएवढ्या तोंडाची.

झाकणाच्या मध्यावर मारलं तर उतरतं,
कुशीवर मारलं तर चढतं.
घागर निदान ऐकू तरी येते, म्हणाल्या.
हे कंप कानाच्या गावचेच नव्हेत.

म्हणून त्या पडद्याकडे बघत मारतात.
हात कुठे आहे ते हातालाच माहीत.
टिक्.
दरी जरा उजवीकडेच.
टिक्.
आली.

तिसऱ्या डब्यापाशी वीज गेली.
आम्ही पुठ्ठ्याने वारा घालू लागलो.
त्यांनी हातोडी खाली ठेवली:
गरम भांड्याचं खरं धरू नये.
वीज आल्यावरही तासभर नुसत्या बसून होत्या,
तळहात पितळेवर न टेकवता.

आणि एक ठोका जास्त झाला तर?
मग कुशीला एक. मग परत मध्यावर एक.
मग परत कुशीला. शेवटी कढई होते.
बाबांच्या दुकानात अशा कढया पुष्कळ होत्या.

तपासनिसाने फॉर्मवर लिहिलं,
बाह्य दोष: पोचे, सात.
फिल्टर गेला. मंगळवारी बंदरावरून पोच आली,
एका ओळीची: बसवला, चालतो.

कागद फाइलला लावताना
बाई हळूच म्हणाल्या, आठ.
तिसऱ्याच्या कुशीत एक आहे.