कर्मणी

नववी ब, तिसरा तास, लिंगविचार.
फळ्यावर मी लिहिलं: ते घर, ते पाणी, ते मूल.
तिसऱ्या लिंगाचं नाव उच्चारलं
तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली
आणि चाळीस माना एकदम वळल्या
खिडकीशी बसणाऱ्या निमिष घाडीगावकरकडे.
मी डस्टर आपटलं. शांत बसा, म्हटलं.
पुढचं उदाहरण घेतलं.

एवढंच.
बावीस वर्षांच्या नोकरीत
हे एवढंच पुष्कळदा झालंय.

पालकसभेला त्याची आई आली,
कन्नमवार नगरातून चालत, दुकानातली पाळी बदलून.
गुणपत्रिका तिने उलगडलीसुद्धा नाही.
म्हणाली, बाई, ह्याची पाण्याची बाटली
रोज भरलेलीच परत येते.
मी म्हणाले, खेळाच्या नादात विसरतात पोरं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या मुतारीला
आतून कडी नाही.
तिथे मधल्या सुट्टीत काय चालतं
ते पाटणकर शिपायांनी मला सांगितलं होतं, अर्धं.
उरलेलं मी विचारलं नव्हतं.

मग त्याच्या वहीचं शेवटचं पान
कुणीतरी मोबाइलवर टिपलं.
दहावीतल्या एका मुलाबद्दल दोन ओळी,
तिरक्या, खोडलेल्या, पुन्हा लिहिलेल्या.
संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या वर्गाला पाठ.
माझ्या कविता त्यांना कधी इतक्या लवकर पाठ झाल्या नाहीत.

मोठ्या बाई म्हणाल्या, आपल्या शाळेत असलं काही नाही.
चहा आला. मग म्हणाल्या,
असलं काही बाहेर जाता कामा नये.

त्याची जागा बदलण्यात आली.
त्याला शिक्षकांच्या संडासाची किल्ली देण्यात आली.
त्याला कबड्डीत घालावे असे सुचवण्यात आले.
संबंधितांना समज देण्यात आली.

नोंदवहीतलं अक्षर माझं.
व्याकरण शिकवते, म्हणून मोजलं:
चार वाक्यं, आणि कर्ता एकातही नाही.
नाव आहे एकच, ज्याच्यावर क्रिया झाली त्याचं.
किल्लीला लाकडी ठोकळा होता, वीतभर,
हातात घेऊन सगळ्या व्हरांड्यातून जावं लागे.
दोन दिवसांत त्याचं तेच नाव पडलं.

त्याला एक मुलगा आवडत होता.
वाक्य मी बराच वेळ तपासलं.
मला आंबा आवडतो, यात कर्ता कोण
यावर जुने वैयाकरण भांडत आलेत,
पण वाक्य चुकलंय असं
त्यांच्यातलं कुणी म्हणालेलं नाही.
मी हे वर्गात सांगू शकले असते.
अभ्यासक्रमातच आहे.

दिवाळीनंतर दाखला. तोही मीच भरला,
कारकून रजेवर होते.
वर्तणूक: चांगली.
शाळा सोडण्याचे कारण: पालकांचा अर्ज.
रकाना दीड इंचाचा, त्यात मावलं.
निमिषने सही तपासली, थँक्यू बाई म्हणाला,
सवयीने ठोकळ्याची किल्ली टेबलावर ठेवली.

खिडकीतून दिसत होतं.
फाटकातून तो बाहेर पडला, रस्ता ओलांडला,
झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसला,
दप्तरातून बाटली काढली
आणि मान मागे टाकून
एका दमात सगळी संपवली.
आई शेजारी उभी. तिने झाकण धरलं होतं.

आज पुन्हा नववी ब.
ते घर, ते पाणी.
मागे कुणीतरी हसलं.
आज मी डस्टर आपटलं नाही. खडू खाली ठेवला.
कोण हसलं, विचारलं. कशाला हसलं.
कर्ता सांगा.

पंख्याचा आवाज. खाली पी.टी.ची शिट्टी.
चाळीस मुलं वहीत बघत होती.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला उत्तर येत होतं.