मैल दोनशे एक

एकोणतीस वर्षं मी ह्या रुळांची निगा राखली.
उन्हाळा ओसरला की दर साली
दुतर्फाचं वाळकं गवत पेटवत जायचो,
हातात रॉकेलचा डबा, खांद्यावर ओलं गोणपाट,
मागून शिव्या हासडत बर्ट ट्रेमेन.

आता गाडी येत नाही.
स्लीपर कुणी कुणी बागेच्या पायऱ्यांना उपटून नेले.
कॅनबेराहून आलेली इम्के
दोनशे एकच्या खांबापाशी गुडघे टेकून बसलेली
एका काडीसमोर.
काडीवर जांभळी फुलं, वाटाण्याच्या घाटाची.
"हे तुम्ही जगवलंत," ती म्हणाली.
बाई, मी तर जाळत होतो.
"तेच म्हणते मी."
आणि कुंपणापलीकडच्या मेंढ्यांकडे बोट केलं.

काडेपेटीत घालून तिनं एक्केचाळीस बिया दिल्या,
मुगाहून लहान, काळपट, एका अंगानं खोलगट.
कवच असं हट्टी की पाण्याला दार उघडत नाही.
दोन सँडपेपरांमध्ये धरून घासायच्या,
चकाकी जाईस्तोवर. आतलं पांढरं दिसलं तर संपलं.
माझ्या हातांना पहारीची सवय.
सहा बिया त्यातच गेल्या.
उरलेल्या रात्रभर कोमट पाण्यात.
सकाळी अठरा फुगलेल्या, बाकी नुसते खडे.

कुंड्या नळीसारख्या उंच,
कारण मूळ आधी खाली जातं, वरचं मग बघतं.
प्रत्येकीत चिमूटभर खांबाजवळची माती,
दुधाला विरजण लावावं तशी.
तिच्यातले जंतू मुळांना गाठी धरायला लावतात
हे मला सत्तरीत कळलं.
बर्टला कळलंच नाही.

अकरा उगवल्या.
चार गोगलगायींनी नेल्या, एकाच रात्रीत.

जानेवारीत सगळ्या करपल्या.
शीना म्हणाली, बाबा, फेकू का?
मी श्रद्धेनं ठेवल्या असं कुणी समजू नये.
खुब्याचं ऑपरेशन झालेलं,
गोळ्यांच्या गुंगीत उत्तर द्यायचं राहिलं,
तिलाही परत विचारायचं राहिलं.
कुंड्या शेडमागे तशाच.

एप्रिलात एकीत
नखाएवढं हिरवं.
आठवड्यानं आणखी दोनींत.
काठी टेकून बराच वेळ उभा राहिलो.
हाक मारावी तर कुणाला?
बर्टला जाऊन नऊ वर्षं झाली.

तिन्ही रोपं खांबापाशी लावली.
खुणेला रुळाचे जुने खिळे ठोकले, गंजलेले, पण सरळ.
फुलायला दोन-तीन वर्षं, इम्के म्हणते.
मी वयाचा हिशेब घालत बसत नाही.

गवत मात्र माजलंय.
जाळायला हल्ली परवाना लागतो, तीन सह्या,
आणि अर्जात एक रकाना: जाळण्याचं कारण.
इम्केनं सांगितलेलं लॅटिन नाव
मला नीट लिहिता येईना.
मी लिहिलं,
नेहमीचं काम.