दुसरा डोस

आधी तांबडी गेली.
छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं,
तुरा धुऊन धुऊन विटलेल्या फडक्याच्या रंगाचा.
ओर्फेलिना फोनवर म्हणाली, "पुरू नकोस. फाड. बघ."
कास्त्रोच्या इस्पितळात ती पाय टांगून पडलेली,
आणि मी, बावीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं घासलेला माणूस,
तिच्या ओट्याशी मेलेली कोंबडी उलटी धरून उभा.

आतडं उघडलं.
शेवया. उकडलेल्या, पांढऱ्या.
फक्त त्यांतल्या काही अजून हलत होत्या.

"उरल्या तेरा," ती म्हणाली,
"आणि तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतंय."

आचाओच्या पशुऔषधांच्या दुकानात
मान्सियानं बाटली पुढे सरकवली आणि विचारलं, वजन?
वजन कोणाला ठाऊक!
घरी येऊन बटाट्यांच्या तराजूला
एकेक कोंबडी गोणपाटात गुंडाळून टांगली.
दोन किलो शंभर. पावणेदोन.
आणि ती करडी, जी नेमकी माझ्याच बुटांवर शिटते:
दीड किलो, हाडं आणि राग.
बेरीज तीनदा केली, तीनदा वेगळी आली.
चौथ्यांदा शेजारच्या दाल्मिरोनं करून दिली,
वय वर्षं नऊ.

पाण्यात औषध कालवायचं, हे सोपं.
अवघड हे, की या बेटावर पाण्याला तोटा नाही.
चाकोरीत पाणी, खुरांच्या ठशांत पाणी,
किनाऱ्यावर पडून राहिलेल्या होडीच्या पोटात पाणी.
कोंबडी कडू घमेल्याकडे एक डोळा करून बघते
आणि सरळ डबक्याकडे चालू लागते.
म्हणून रात्री सगळ्यांना कोंडलं,
भांडी उपडी केली, गळक्या फटींत लोकर कोंबली.
सकाळी तहानेनं आवाज घोगरे झाले
तेव्हा आत नेलं ते एकच घमेलं.
प्यायल्या. मान वर करून, डोळे मिटून,
घोट घोट आभाळाला दाखवत.
बंदरात उतरलो की मीही असाच प्यायचो.

दुसऱ्या दिवशी शिटेत मेलेले जंत.
फावड्यानं उचलले, जाळले.
ओर्फेलिनानं विचारलं, "किती?"
मोजले नव्हते.
"मग काय बघितलंस?"

अंडी मात्र घालतच होत्या, त्यांना काय खबर.
निळसर, हिरवट,
समुद्र गप्प असतो त्या दिवसाच्या रंगाची.
बाटलीवरचे दिवस भरेपर्यंत खायची नाहीत, विकायची नाहीत.
सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा केला,
त्यात टाकत गेलो.
दाल्मिरो आला, आईला चार हवीत, केक करायचाय,
मुठीत नाणी.
खड्ड्यात बघितलं त्यानं, मग माझ्याकडे.
मी बटाटे दिले.
बटाट्यांचा केक होत नाही
हे सांगण्याइतका तो उद्धट नव्हता.

मला वाटलं, संपलं.
फोनवर ती हसली, पाय दुखेस्तोवर.
"जंत मेले रे. त्यांची अंडी नाही मेली.
ती आहेत खुराड्यात, ओल्या मातीत, वाट बघत.
तीन आठवड्यांनी परत द्यायचं.
एकदा काय, एकदा कुणीही करतं."

हे ती कोंबड्यांबद्दलच बोलत होती.

एकदा पैसे पाठवले होते मी, छपरासाठी.
एकदा पत्र, वाल्पाराइसोहून.
आई गेली तेव्हा एकदा आलो, दोन दिवस,
बूटसुद्धा पुरते वाळले नाहीत.

भिंतीवर मासळी कारखान्याचं कॅलेंडर आहे.
सव्वीस तारखेला गोल केला.
जुना भुसा खरवडून काढला, चुना पसरला,
जमतील तेवढी डबकी मातीनं बुजवली.
सकाळी सगळी परत भरलेली.

ओर्फेलिना, आज पंचवीस. रात्र झाली.
भांडी उपडी करतोय.
तेरा आहेत. मोजल्या.
दोनदा.