पावती

सकाळी सहाला मी दार उघडते.
दिवे, हीटर, कॉफीचं यंत्र, या क्रमानं.
मग वॉफलचं पीठ घोटते, वेलची जरा सढळ,
आणि काचेतून धावपट्टीवर नजर टाकते:
आज रेनडियर नाहीत.
धुकं आहे, पण खाडीच्या पलीकडे.

टॉवरमध्ये एक जण असतो.
अग्निशमनाचे दोघे मागच्या खोलीत पत्ते पिसतात.
बाकी सगळी मीच.
तिकीट मी, तराजू मी, भोंग्यातला आवाज मी,
आणि या टोकाला ॲप्रन बांधला की
कॉफी पस्तीस क्रोनर, वॉफल चाळीस,
तपकिरी चीज हवं तर वर पाच.

तोर्गेइर आला. तो कुठेच जात नाही.
बोट विकल्यापासून रोज येऊन खिडकीशी बसतो
आणि विमानाला किती उशीर आहे ते मलाच सांगतो.
मासळीच्या कारखान्यातले दोघे लिथुआनियन आले,
सुट्टीवर निघालेले, बूट नवे कोरे.
दाढ धरलेली शिक्षिका आली.

आणि सुन्निवा.
वय सोळा. पुढची शाळा इथे नाही.
रांगेत चौथी उभी राहिली,
जशी काही मी कोणी दुसरीच.

बॅग तराजूवर. पंचवीस किलो आठशे.
मर्यादा तेवीस.
वरचं काय आहे ते मला ठाऊक होतं:
दलदलीतल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा, दोन मोठ्या बरण्या,
रात्री ती झोपल्यावर
लोकरी मोज्यांत गुंडाळून मीच कोंबलेल्या.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काट्याकडे.
तेवीस, मी लिहिलं.
बावीस वर्षांत पहिलं खोटं,
आणि अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

मग ती काउंटरच्या दुसऱ्या टोकाला आली.
मीही चार पावलं सरकले, ॲप्रन बांधला.
"एक कॉफी."
तू कधीपासून कॉफी प्यायला लागलीस?
हे मी विचारलं नाही.
"आणि वॉफल. चीज घालून."
पाच बदाम जोडलेलं, कडा करपायच्या बेतात,
तिला हवं तसं काढलं,
हातानंच खूण केली, पैसे राहू देत.
तिनं कार्ड पुढे धरलं.
कार्ड नवं, तिचं स्वतःचं.
यंत्र टुंग वाजलं.
"पावती?" मी विचारलं.
सवयीनं. खरंच सवयीनं.
"हवी," ती म्हणाली,
आणि नीट घडी करून पाकिटात ठेवली.

पहिल्या घोटालाच तोंड वाकडं.
साखर. पुन्हा साखर.
तेवढ्यात घरघर आली ढगातून.

मी 'आलेच' ही पाटी ठेवली,
पिवळं जाकीट चढवलं, कानांवर टोप्या,
आणि वाऱ्यात जाऊन उभी राहिले.
एकोणचाळीस खुर्च्या, आज अकरा माणसं.
पायऱ्यांशी सगळ्यांना म्हणते तेच म्हटलं,
पाय जपून.
तिनं जपून टाकला.
वर पोचून वळली, काहीतरी बोललीही.
एक पंखा फिरतच होता
आणि कानांवरच्या टोप्या मी काढल्या नव्हत्या.

परत आले तर टेबलावर
वॉफलचा कणही नाही,
कॉफी जवळजवळ तशीच,
साखरेच्या सहा पुड्या फाडलेल्या.

"आमचा एइविन गेला तेव्हा," तोर्गेइर खिडकीकडे बघत म्हणाला,
"इथे कॉफी मिळत नव्हती.
नुसते उभे होतो आम्ही.
हातांचं काय करावं, कळेना."

मी त्याचा कप भरला.
त्यानं नाणी मोजून ठेवली.
मी पावती फाडून पुढे धरली.
कधी घेत नाही तो.
आज घेतली.